बोलतोय म्हणजे बरा आहे, असं नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या अंकात आतल्या पानावर खाली कोपऱ्यात तुमची एक छोटी बातमी होती, मथळा होता "मेंदूतल्या खुनी पेशी सापडल्या, डोक्याच्या दुखापतीवर आता औषध". चार-पाच वाक्यांची बातमी, "अमेरिकेतील संशोधकांनी" एवढंच, नाव नाही, गाव नाही, प्रयोग कोणावर केला तेही नाही. आमच्या घरी ती कापून फ्रिजवर चिकटवलीय. चिकटवणारे माझे दीर आहेत. त्यांनी मला विचारलं, वयनी, ह्या औषध आपल्याक खय गावतला? तेव्हा काय उत्तर द्यायचं ते मला सुचेना, म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, पण कृपा करून पूर्ण वाचा.

मी देवगड तालुक्यातल्या एका हायस्कूलमधे विज्ञान शिकवते. घरची हापूसची बाग आहे. गेल्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सीझन अगदी भरात, वाशीची गाडी संध्याकाळी निघणार आणि माणसं कमी, म्हणून भावोजी स्वतःच कलमावर चढले. घळीने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, लांबचा आंबा ओढताना पायाखालची फांदी कडकन मोडली आणि ते पंधराएक फुटांवरून खाली आले, उजव्या कानाच्या वरचा भाग गडग्याच्या चिऱ्यावर आपटला. दोनेक मिनिटं शुद्ध नव्हती. मग डोळे उघडले, उठून बसले आणि मला म्हणाले, "वयनी, माका काय एक झाला नाय, मी बरो आसंय, वायच पानी दी."

आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं. हळद दाबली, चहा दिला, जवळच्या एका दवाखान्यात नेलं तर तिथे चार टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, चिठ्ठीवर "१५" असा काहीतरी आकडा लिहिला आणि घरी जा म्हणाले. पुढे कशावर लक्ष ठेवायचं हे कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. दुपारी ते पेट्या मोजायला बसले आणि दोनदा चुकले. पेट्या मोजण्यात हा माणूस कधी चुकत नाही, पण माझ्या तेव्हा डोक्यातच आलं नाही. चार वाजता डोकं ठणकतंय म्हणून आडवे झाले. सासूबाई म्हणाल्या, दमलोहा, निजांदे तेका. सहाच्या सुमाराला उलटी झाली, परत एकदा झाली, आणि आमचा नेपाळी राखणदार, जो एरवी चार शब्द बोलत नाही, तो दारात येऊन म्हणाला की ह्यांना आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या, आमच्या गावात एक माणूस असाच झोपला तो उठलाच नाही. मी बॅटरी घेऊन डोळ्यात बघितलं तर उजवी बाहुली मोठी, डावी लहान. डावा हात उचलेना.

मग जे कोकणात सगळ्यांचं होतं तेच. कोणी म्हणे गोव्याला बांबोळीला न्या, कोणी म्हणे कोल्हापूरला, सीटी स्कॅन आत्ता कुठे चालू असेल ते कोणालाच माहीत नाही. १०८ ला फोन केला, गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, शेवटी आंब्याच्या पिकअपमधल्या पेट्या उतरवून गादी टाकली आणि निघालो. नांदगाव तिठ्यापर्यंत ते हाकेला ओ देत होते. फोंडा घाटात ओ देणं बंद झालं. कोल्हापुरात पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. पडले होते सकाळी अकराला. तिथे कागदावर आकडा लिहिला ९.

तो आकडा काय ते मला नंतर कळलं. ग्लासगो शहरातल्या दोन न्यूरोसर्जननी, टीसडेल आणि जेनेट यांनी, १९७४ साली ही मोजपट्टी काढली, डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, एकूण १५, आणि कमीत कमी ३. त्याला यंत्र लागत नाही, स्कॅन लागत नाही, वाडीतल्या आशाताईला सुद्धा शिकवता येईल. पण ती एकदा मोजून खिशात ठेवायची गोष्ट नाही, ती परत परत मोजायची असते, कारण आकडा कुठल्या दिशेला चाललाय ते महत्त्वाचं असतं. आमच्याकडे सकाळी १५ होते आणि रात्री ९, मधल्या बारा तासांत कोणीच मोजलं नाही.

ऑपरेशन मध्यरात्री झालं. कवटीचं हाड तडकून आतली शीर फाटली होती, हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामधे रक्त साठत गेलं होतं, दिवसभर, हळूहळू. सर्जननी नंतर बिलाच्या पाठीमागे पेनाने चित्र काढून समजावलं आणि एक वाक्य म्हणाले ते मी विसरणार नाही, "मार सकाळी लागला, पण मेंदू दुखावला तो संध्याकाळी." कवटी म्हणजे बंद डबा, आत नवीन काही शिरलं की दुसरं काहीतरी दाबलं जाणारच. मधे माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, चहा पितो, ह्या काळाला डॉक्टर लोकांत वेगळं नाव आहे इतका तो नेहमीचा आहे, आणि नेमका तोच काळ घरच्यांना फसवतो.

संपादकसाहेब, तुमच्या बातमीतल्या संशोधनाचा गाभा पण हाच आहे, आणि तोच नेमका बातमीतून गळालाय. डोक्याचा मार हा एका क्षणाचा नसतो. आपटण्याने जे तुटतं ते तुटतंच, ते कोणी थांबवू शकत नाही. पण त्यानंतर तासन् तास, दिवसन् दिवस आत काहीतरी चालू राहतं. ताणलेले मज्जातंतू लगेच तुटत नाहीत, हळूहळू सुजून मग तुटतात. जखमी पेशीतून ग्लुटामेट नावाचं रसायन भसाभस बाहेर पडतं, जे एरवी पेशीपेशीत निरोप द्यायला चिमूटभर वापरलं जातं, आणि ते जास्त झालं की शेजारच्या धडधाकट पेशीत कॅल्शियम घुसतं आणि ती पण मरते. म्हणजे पहिल्या तडाख्यात वाचलेल्या पेशी दुसऱ्या फेरीत जातात. भावोजींचं रक्त साठणं हा त्यातला सगळ्यात ढोबळ, डोळ्याला दिसणारा प्रकार. पेशींच्या पातळीवर जे चालतं ते सीटी स्कॅनवर सुद्धा नीट दिसत नाही.

माझी भाची पुण्यात फिजिओथेरपी शिकते. ती सुट्टीत आली तेव्हा आम्ही दोघींनी मिळून तुमच्या बातमीमागचा मूळ पेपर, म्हणजे शोधनिबंध, शोधला. वर्णनावरून तो शेन लिडेलो ह्या संशोधकाचा असणार, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, काम केलं अमेरिकेत स्टॅनफर्डला बेन बॅरस यांच्या प्रयोगशाळेत, आता न्यूयॉर्क विद्यापीठात आहे. "नेचर" ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात जानेवारी २०१७ ला छापून आलेला पेपर. तुमच्या बातमीत तो काल-परवा लागलेला शोध वाटतो.

त्यात काय आहे ते माझ्या शब्दांत सांगते. मेंदूत फक्त न्यूरॉन, म्हणजे निरोप नेणाऱ्या चेतापेशी, नसतात. मी स्वतः कित्येक वर्षं वर्गात सांगत आले की शंभर अब्ज न्यूरॉन आणि त्याच्या दसपट बाकीच्या पेशी, पुस्तकात तसंच होतं. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाऊझेल यांनी मेंदूचं अक्षरशः पातळ सूप करून त्यातली केंद्रकं मोजली आणि २००९ मधे आकडा दिला, साधारण ८६ अब्ज न्यूरॉन आणि जवळपास तितक्याच इतर पेशी. ह्या इतर पेशींमधला मोठा गट म्हणजे ग्लिया. एकोणिसाव्या शतकात फिरशो नावाच्या जर्मन डॉक्टरने त्यांना नाव दिलं त्याचा अर्थच सरस, चिकटवायचा डिंक. म्हणजे ह्या पेशी नुसत्या भरावाच्या, चिऱ्यांमधल्या दर्जेसारख्या, असं समजून शंभरेक वर्षं त्यांच्याकडे कोणी धड बघितलं नाही.

प्रत्यक्षात मेंदूच्या बागेचा अर्धा कारभार त्याच बघतात. ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ऍस्ट्रोसाइट नावाच्या पेशी न्यूरॉनला अन्नपाणी पुरवतात, सांडलेलं ग्लुटामेट उचलून घेतात, पेशीपेशीतले जोड बांधायला मदत करतात. आणि मायक्रोग्लिया म्हणजे राखणदार. १९१९ मधे स्पेनच्या पीओ देल रिओ-होर्तेगा यांनी त्या वेगळ्या ओळखल्या. पण त्या जिवंत मेंदूत काय करतात ते बघायला २००५ साल उजाडलं. त्या वर्षी जर्मनीत आणि न्यूयॉर्कमधे दोन वेगवेगळ्या गटांनी जिवंत उंदराच्या मेंदूत खास मायक्रोस्कोपने बघितलं तर काही काम नसतानाही ह्या पेशी आपले बारीक बारीक हात सतत सगळीकडे फिरवत असतात, आणि लेझरने टिचकीएवढी जखम केली की काही मिनिटांत आजूबाजूच्या पेशींचे हात तिकडे वळतात आणि जखमेभोवती कुंपण घालतात. मला तर आमचा राखणदार आठवला, रात्री बॅटरी घेऊन बागेत फिरणारा, कुठे फांदी हलली की तिकडे झोत.

लिडेलो आणि बॅरस यांनी दाखवलं ते ह्याच्या पुढचं. मार लागल्यावर खवळलेल्या मायक्रोग्लिया तीन रासायनिक निरोप सोडतात आणि त्या तिघांच्या एकत्रित निरोपाने काही ऍस्ट्रोसाइट आपली नेहमीची कामं सोडून देतात. न्यूरॉनला सांभाळायचं सोडतात, उलट असं काही सोडायला लागतात की ज्याने जखमी न्यूरॉन मरतो. रानडुक्कर आलं म्हणून आरडाओरडा होतो, माणसं काठ्या घेऊन धावतात आणि अंधारात आपलंच लहान कलम तुडवलं जातं, तसं काहीसं. प्रयोग होता उंदरांवर. डोळ्यामागची नस चिमट्याने दाबली की तिच्या पेशी एरवी मरतात. ते तीन निरोप अडवले तर वाचल्या. न्यूरॉन नक्की कशाने मरतो ते तेव्हा सापडलं नव्हतं, ते २०२१ मधे त्याच गटाने शोधलं, एक प्रकारची संपृक्त चरबी, जी ऍस्ट्रोसाइट छोट्या पुड्या बांधून बाहेर टाकतात.

म्हणजे शोध मोठा आहे, त्याबद्दल मला काडीची शंका नाही. पण "खुनी पेशी" हा शब्द चूक आहे, आणि नुसता चूक नाही तर घातक आहे. कारण त्याच्या आदल्याच वर्षी, २०१६ मधे, कॅलिफोर्नियातल्या मायकेल सोफ्रोनिव यांच्या गटाने मज्जारज्जूच्या जखमेत ऍस्ट्रोसाइटचा व्रण तयारच होऊ दिला नाही तेव्हा काय झालं? सगळ्यांना वाटायचं हा व्रण म्हणजे तंतूंच्या वाटेतली धोंड, ती काढली की तंतू वाढतील. तंतू वाढले तर नाहीतच, उलट परिस्थिती बिघडली. त्याच पेशी एका ठिकाणी जीव घेतात आणि दुसऱ्या ठिकाणी कुंपण घालून वाचवतात. २०२१ मधे ह्या क्षेत्रातल्या खूप शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन लिहिलं की ह्या पेशींचे चांगल्या आणि वाईट असे दोन कप्पे करू नका, मधे बऱ्याच अवस्था आहेत. आणि आपला मथळा २०१७ च्या सुद्धा मागे गेला.

बॅरस यांच्याबद्दल दोन वाक्यं लिहिल्याशिवाय राहवत नाही. हे गृहस्थ आधी डॉक्टर, न्यूरॉलॉजी शिकताना त्यांच्या लक्षात आलं की जिथे जिथे मेंदू आजारी तिथे तिथे ग्लिया विचित्र दिसतात, आणि कोणी त्यांच्याबद्दल विचारतच नाही. म्हणून दवाखाना सोडून प्रयोगशाळेत गेले आणि आयुष्य त्या "डिंका"ला दिलं. डिसेंबर २०१७ मधे कॅन्सरने गेले, हा पेपर छापून आल्याच्या वर्षातच. अशा माणसाचं नाव बातमीत यायला हवं होतं. आणि लांब कशाला जा, मुंबईत कुलाब्याला टाटा इन्स्टिट्यूटमधे डॉ. शुभा टोळे यांच्या गटाने २०११ मधे दाखवलं की गर्भातल्या मेंदूत, स्मरणाशी संबंध असलेल्या हिप्पोकॅम्पस भागात, एक जनुक ठरवतं की पेशी न्यूरॉन होणार का ऍस्ट्रोसाइट, ते जनुक काढलं की ऍस्ट्रोसाइट जास्त व्हायला लागतात. तो दुखापतीवरचा अभ्यास नाही, मेंदू घडण्यावरचा आहे, पण प्रश्न त्याच दोन पेशींचा. आमच्या शाळेतल्या मुली दहावीनंतर विचारतात सायन्स घेऊन काय करायचं, त्यांना हे नाव मराठी पेपरात वाचायला मिळालं तर किती फरक पडेल.

आता औषधाचं. बातमीत "आता औषध" असं छापल्यामुळे आमच्या वाडीतच तीन घरांतून मला विचारणा झाली. एकाने तर विचारलं की डॉक्टरांनी तेव्हा स्टेरॉईड दिलं असतं तर सूज उतरली असती ना, मग का नाही दिलं. ह्याचं उत्तर फार महत्त्वाचं आहे. मेंदूला सूज येते, स्टेरॉईडने सूज उतरते, म्हणून डोक्याच्या मारात स्टेरॉईड द्यायचं, हे इतकं सरळ वाटतं की जगभर कितीतरी डॉक्टर वर्षानुवर्षं ते देत होते. मग क्रॅश नावाची मोठी चाचणी झाली, १०,००८ पेशंट, अर्ध्यांना स्टेरॉईड, अर्ध्यांना औषध नसलेला नुसता दिखाऊ डोस. निकाल २००४ मधे "लॅन्सेट" ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन आठवड्यांत स्टेरॉईड घेतलेल्यांपैकी २१.१ टक्के गेले, न घेतलेल्यांपैकी १७.९ टक्के. म्हणजे जे औषध वाचवेल असं सगळ्यांना वाटत होतं त्याने जास्त माणसं दगावत होती. मी हे आकडे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. उंदराच्या डोळ्यामागच्या नसेवर झालेला प्रयोग आणि माझ्या दिराच्या हातात पडणारी गोळी यामधे अशी एक मोठी दरी असते, आणि ती दरी तुमच्या मथळ्याने एका शब्दात ओलांडली.

दुसरी बाजू पण सांगते, म्हणजे मी नुसतीच निराशा पसरवतेय असं वाटायला नको. त्याच लोकांनी २०१९ मधे क्रॅश-३ चे निकाल दिले, १२,७३७ पेशंट. औषध होतं ट्रॅनेक्सॅमिक ऍसिड, रक्त गोठून राहायला मदत करणारं, जुनं, स्वस्त, बाळंतपणातल्या रक्तस्रावात पण वापरतात ते. सगळे पेशंट एकत्र धरले तर फरक थोडाच दिसला, पण सौम्य आणि मध्यम मार असलेल्यांना तीन तासांच्या आत दिलं तर डोक्याच्या मारामुळे होणारे मृत्यू कमी झाले, आणि जितकं लवकर तितका उपयोग जास्त. फार गंभीर असलेल्यांना फायदा दिसला नाही.

तीन तास.

संपादकसाहेब, आमच्या गावातून नांदगाव तिठा, तिथून घाट, तिथून कोल्हापूर, रस्ता मोकळा असला तरी तीन तास गाडीतच जातात. पावसाळ्यात दरड आली तर विचारूच नका. आमचे तर सात तास नुसते "बरो आसंय" ह्या दोन शब्दांवर गेले. हे संशोधन आमच्यासाठी कुठे येऊन थांबतं तर इथे. कुठली पेशी कुठला निरोप सोडते हे कळलं, फार छान, पण त्या पेशींचा जो वेळ आहे तो आम्ही उलटी होईपर्यंत वाट बघण्यात घालवतो. मुंबईपुण्याच्या माणसाला हे औषध कधी येणार हा प्रश्न असेल. देवगड, राजापूर, गुहागर, श्रीवर्धनच्या माणसाला आधी रात्री आठनंतर सीटी स्कॅन काढणारा माणूस जवळ कुठे ड्युटीवर आहे हा प्रश्न आहे.

आणि आमच्याकडे डोकी फुटतात ती फक्त हायवेवर नाही. हायवेच्या अपघातांची निदान नोंद होते. केंद्र सरकारच्या अहवालात २०२२ मधे देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली, एवढं तरी छापून येतं. पण माडावरून पडलेला, पोफळीवरून पडलेला, कलमावरून पडलेला, होडी ओढताना घसरून खडकावर आपटलेला, कौलं शाकारताना छपरावरून आलेला, ह्यांची मोजदाद कुठल्या पानावर येते ते मला तरी सापडलेलं नाही. दर सीझनला आमच्या पंचक्रोशीत एखाददुसरा पडतोच, आणि लोक म्हणतात त्याचं नशीब. बागायतदारांनी चढणाऱ्या माणसाला दोरपट्टा आणि साधं हेल्मेट दिलं पाहिजे, आमच्या बागेत ह्या वर्षीपासून त्याशिवाय कोणी चढत नाही. पहिले दोन दिवस गडी कुरकुरले. आता स्वतःहून मागतात.

तुम्हाला माझी विनंती अशी की ह्या बातमीची दुरुस्ती छापा, त्याच कोपऱ्यात नको, जरा वर. संशोधकांची नावं द्या, प्रयोग उंदरावर होता हे लिहा, माणसासाठी असं औषध अजून दुकानात नाही हे स्पष्ट लिहा, कारण फ्रिजवर कात्रण लावणारी माणसं ते शब्द न् शब्द वाचतात. आणि मार्च संपायच्या आत, सीझन भरात यायच्या आधी, एक चौकट छापा आणि ती बाजारात, सोसायटीत, मच्छीमार्केटात लावायला सांगा. शुद्ध थोडा वेळ जरी हरपली असेल तरी स्कॅन होऊ शकेल अशा ठिकाणी न्या. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झोप झोप येणं, बरळणं, कानानाकातून पाणी किंवा रक्त, एक बाहुली मोठी, एक हात किंवा पाय ढिला, झटका, यातलं एक जरी दिसलं तरी थांबू नका. कांदा हुंगवू नका, तोंडात पाणी ओतू नका, मान हलवू नका, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि जो बोलतोय त्यालाही पहिला दिवस एकटा सोडू नका, दर थोड्या वेळाने उठवून नाव विचारा, आज वार कुठला विचारा, पेट्या मोजायला लावा. आमचे भावोजी दुपारी दोनदा चुकले होते, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी विज्ञान शिकवते. ते मला आयुष्यभर लागून राहील.

ते वाचले. पण पूर्वीचे राहिले नाहीत, हेही लिहायला हवं कारण बातम्यांमधे माणूस एकतर मेलेला असतो नाहीतर बरा झालेला. त्यांना पटकन राग येतो, मग स्वतःच गप्प होऊन मागच्या पडवीत जाऊन बसतात. शब्द अडतात, घळीला "ती जाळी... ती काठी" म्हणतात. गोंगाटात बसवत नाही, लग्नाला येत नाहीत. लोक म्हणतात बरा तर दिसतोय. जखम बाहेरून भरली की लोकांच्या लेखी विषय संपतो, जाऊबाईंना मात्र चोवीस तास एका वेगळ्याच माणसाबरोबर राहायचंय. त्यांना कुठल्याच दवाखान्यात कोणी सांगितलं नाही की डोक्याच्या मारानंतर असं होतं, त्या सुरुवातीला समजत होत्या की हा मुद्दाम करतो.

आणि वास गेला. पूर्णपणे. आंब्याच्या बागायतदाराचा वास गेला, आढी घातलेल्या खोलीत उभं राहून पिकलाय का कळत नाही, पेंढा उपसून रंग बघायला लागतो. डॉक्टरांनी कारण सांगितलं, नाकाच्या वर चाळणीसारखं एक नाजूक हाड असतं, त्याच्या भोकांतून वासाचे बारीक तंतू मेंदूत जातात, डोकं जोरात हिसकलं की ते कापले जातात. पण मी वाचत गेले तेव्हा एक गोष्ट सापडली. शंभर वर्षांपूर्वी स्पेनचे काहाल, ज्यांना १९०६ चं नोबेल मिळालं, त्यांनी लिहून ठेवलं होतं की मोठ्या माणसाच्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या वाटा कायमच्या ठरलेल्या असतात, मरेल ते परत येत नाही. १९८१ मधे मॉन्ट्रियलला आग्वायो आणि डेव्हिड यांनी उंदराच्या मज्जारज्जूला हातापायाकडच्या नसेचा तुकडा जोडला तर तेच तंतू त्या तुकड्यातून वाढत गेले, म्हणजे शेजार चांगला मिळाला तर वाढण्याची ताकद त्यांच्यात असते. आणि नाकात तर हे रोज चालतं. वास घेणाऱ्या चेतापेशी आयुष्यभर मरतात आणि नवीन येतात, नवीन पेशीचा तंतू त्या चाळणीतून परत वर मेंदूकडे वाट शोधत जातो, आणि त्याला वाट दाखवायला सोबत असतात त्या ग्लियाच, खास प्रकारच्या. सगळ्यांचा वास परत येतो असं नाही, चाळणीत व्रण झाला तर वाट बंद होते. काहींचा महिन्यांनी, वर्षाने थोडा थोडा येतो, आणि आधी वेडावाकडा येतो.

मी हे भावोजींना चित्र काढून सांगितलं, सर्जननी मला काढून दाखवलं होतं तसं. फ्रिजवर आता तुमच्या कात्रणाच्या बाजूला ते चित्र पण आहे. गेल्या महिन्यात पहिली आढी घातली तेव्हा ते खोलीत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "वयनी, कायतरी जळल्यासारो वास येता." आत काहीही जळत नव्हतं. आत फक्त आंबे होते. आता ते रोज सकाळी आधी त्या खोलीत जातात आणि दार लावून घेऊन उभे राहतात.

दुरुस्ती छापलीत तर त्या अंकाच्या दोन प्रती जास्त घेईन, एक शाळेसाठी. नाव छापू नये ही विनंती, घरातला विषय आहे.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग